निखळलेला सांधा : बोलका आणि मुका

बालरोगतज्ज्ञाने सांध्यांविषयी लिहावे, याचे आपल्या मंडळातील अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना थोडे नवल वाटेल. निखळलेला सांधा जागेवर बसविणे हे त्यांचे काम. त्यात लुडबूड करण्याचा माझा हेतू नाही. परंतु लहान मुलाचा हात लुळा पडला की आईवडील प्रथम धाव घेतात ती बहुधा आमच्याकडे. शिवाय एक सांधा असा आहे की, तो निखळला आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. त्याला घेऊन कोणी डॉक्टरकडे येत नाही. मूल लस टोचून घ्यायला येते आणि तो सांधाही त्याच्याबरोबर मुकाट्याने येतो. त्याला बोलते करणे हे आम्हा साऱ्यांचे काम आहे. हा लेख त्याच्यासाठीच आहे. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी बोलक्या सांध्यांची ओळख करून घेऊ.

निखळणे म्हणजे काय?

दोन हाडांची टोके जेथे एकमेकांवर फिरतात तेथे सांधा होतो. या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती संधिकोशाची पिशवी असते, आणि संधिबंध म्हणजे लिगामेंट्स ही टोके एकमेकांजवळ बांधून ठेवतात. संधिबंध ताणले वा थोडे फाटले, पण हाडे जागेवर राहिली, तर सांधा मुरगळला असे आपण म्हणतो. हाडांची टोके एकमेकांपासून पूर्ण सरकली तर तो निखळला. अर्धवट सरकली तर ते सबलक्सेशन. हाडच तुटले तर तो अस्थिभंग. बाहेरून तिन्ही सारखेच दिसू शकतात, आणि अनेकदा दोन गोष्टी एकाच वेळी झालेल्या असतात.

आपल्याकडे हा भेद फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत भग्नाचे कांडभग्न आणि संधिमुक्त असे दोन स्वतंत्र वर्ग केले असून संधिमुक्ताचे सहा प्रकार सांगितले आहेत. ओढणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे हा उपचाराचा क्रमही तेथे येतो. खांदा व खुबा या दोन्ही सांध्यांना सुश्रुतांनी उलूखल, म्हणजे उखळीसारखे सांधे, या एकाच गटात ठेवले आहे. मात्र या दोन उखळींच्या खोलीत मोठा फरक आहे. खांद्याची उखळ इतकी उथळ की बशीत ठेवलेल्या लिंबासारखी हाडाची गोलाई तिच्यात राहते. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत अधिक वेळा निखळतो तो खांदा. खुब्याची उखळ खोल असते. मोठ्या माणसाचा खुबा निखळायला मोटार-अपघातासारखा जबर आघात लागतो, आणि तो तासाभराचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावा लागतो; सहा तासांहून अधिक उशीर झाल्यास मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका वाढत जातो. पण नवजात बाळाच्या खुब्याची उखळ अजून घडत असते. तिच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

ओढलेला कोपर

रात्री साडेनऊची वेळ. दोन वर्षांची मुलगी, डावा हात अंगालगत लोंबता, तळहात आतल्या बाजूस वळलेला. पडल्याची खूण नाही, सूज नाही. हाताला हात लावला नाही तर मूल शांत असते. लावला की किंचाळते. आई म्हणते, "काही झालं नाही हो, नुसती खेळत होती." थोडे खोदून विचारले की कळते : रिंगरोड ओलांडताना हात धरून चटकन ओढले होते, किंवा मामाने दोन्ही हात धरून गरगर फिरवले होते, किंवा बसमध्ये चढवताना एका हाताने उचलले होते.

हा ओढलेला कोपर. साधारणतः एक ते चार वर्षांच्या मुलांत तो आढळतो. पुढच्या हातातील बाहेरच्या हाडाच्या डोक्याभोवती कड्यासारखा एक संधिबंध असतो. या वयात तो सैल असतो. सरळ हाताला झटका बसला की तो डोक्यावरून सरकून सांध्यात अडकतो. हकीगत आणि लक्षणे नेहमीची असतील तर क्ष-किरण चित्राची गरज नसते. कोपर हाताने आधारून पुढचा हात तळवा खाली येईल असा वळवला की बोटाला बारीकशी 'टिक्' जाणवते. तळवा वर वळवून कोपर दुमडण्याची जुनी पद्धत आपण सारे शिकलो. परंतु तुलनात्मक अभ्यासांत पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याच्या दृष्टीने तळवा खाली वळवण्याची पद्धत सरस ठरली आहे. दहा-पंधरा मिनिटांत मूल त्याच हाताने बिस्किट उचलते आणि आईचा चेहरा उजळतो.

मात्र मूल पडले असेल, कोपर सुजला असेल, किंवा वय पाचाच्या पुढे असेल, तर हा प्रयोग कोणीही करू नये. तेथे कोपरावरील अस्थिभंग असू शकतो आणि वळवण्याने धमनीला इजा होऊ शकते. आईवडिलांना सांगायचे ते एवढेच : मुलाला उचलायचे ते काखेत हात घालून, मनगट धरून नव्हे. एकदा ओढला गेलेला कोपर पुढील वर्ष-दोन वर्षांत पुन्हा ओढला जाण्याची शक्यता असते.

मोठ्या मुलांचे सांधे

संक्रांतीला, म्हणजे आपल्या सुरतेच्या उत्तरायणात, पतंगामागे धावणारी मुले गच्चीवरून, जिन्यावरून पडतात. पसरलेल्या हातावर पडले की मुलांत कोपर आणि किशोरांत खांदा निखळतो. खांद्याचा गोलवा नाहीसा होऊन तेथे टोक दिसते, मूल दुसऱ्या हाताने तो हात तोलून धरते. निखळलेल्या खांद्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पुढच्या बाजूस निखळतात. मागच्या बाजूस निखळलेला खांदा क्वचित दिसतो, पण समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात तो सहज निसटतो. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का यांनंतर खांदा दुखत असेल आणि हात बाहेर वळत नसेल, तर तो आठवावा. यंत्रमागांच्या या शहरात विजेचा धक्का ही पुस्तकी गोष्ट नाही.

प्रथमोपचार सोपा आहे. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत उशी वा ओढणीच्या झोळीने आधारावा. कपड्यात गुंडाळून बर्फ लावावा. बोटे गरम आहेत का, हलतात का, त्यांना स्पर्श कळतो का, हे पाहावे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने खाऊपिऊ घालू नये. अंगठी-बांगडी सूज येण्यापूर्वीच काढावी. आणि ओढू नये. तालमीत वस्ताद खांदा बसवीत असत व तो बसतही असे, हे खरे. पण लहान मुलाचे गणित वेगळे आहे. त्याच्या हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा संधिबंधापेक्षा नाजूक असते. म्हणून मोठ्या माणसात ज्या आघाताने सांधा निखळतो, त्याच आघाताने मुलात ती कूर्चा तुटलेली असते. तेथे ओढाताण केली तर हाड वाकडे वाढते. निखळलेल्या कोपराला जोरकस मालिश केल्यास स्नायूतच हाड तयार होऊन कोपर आखडतो. घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली रक्तप्रवाह थांबला तर काही तासांत हाताचे स्नायू मरतात. फोल्कमान यांनी १८८१ साली वर्णन केलेली ही अवस्था आजही दिसते, हे दुःखद आहे.

सांधा बसविल्यावर पुन्हा क्ष-किरण चित्र काढणे, नसांची तपासणी नोंदवणे आणि ठरलेल्या मुदतीनंतर व्यायाम सुरू करणे हे तितकेच महत्त्वाचे. विशीच्या आत खांदा एकदा निखळला तर निम्म्याहून अधिक जणांत तो पुन्हा निखळतो. म्हणून दुखणे थांबले की उपचार संपला, असे समजू नये.

मुका सांधा

येथवरचे सारे सांधे दुखतात, रडवतात, आणि स्वतःच्या पायांनी नव्हे तरी स्वतःच्या आवाजाने डॉक्टरपर्यंत पोहोचतात. जन्मतः सैल किंवा निखळलेला खुबा मात्र दुखत नाही. बाळ दूध पिते, हसते, बाळसे धरते, दोन्ही पाय झाडते. या विकाराला आज डेव्हलपमेंटल डिस्प्लेजिया ऑफ द हिप म्हणतात. पूर्वीच्या 'जन्मजात' या शब्दाऐवजी 'विकासातील' हा शब्द आला, कारण काही खुबे जन्मानंतरच्या महिन्यांतही बिघडतात, आणि आपण नीट वागलो तर काही सुधारतातही.

निखळलेला खुबा साधारणतः हजार जन्मांत एक-दोन बाळांत आढळतो. सैल खुबा त्याहून कितीतरी अधिक. मुलींत तो मुलांच्या चौपटीहून अधिक, उजव्यापेक्षा डाव्या बाजूस जास्त, पहिल्या बाळात जास्त, घरात कोणाला असल्यास जास्त. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे बाळ पायाळू असणे. आपल्याकडे पायाळू माणसाला मोठा मान आहे. पाठीत उसण भरली की त्याचा पाय लावून घेतात. त्या पायाळू बाळाच्याच खुब्यांना आपल्या हाताची गरज असते, हे मात्र आपण विसरतो. प्रसूती सिझेरियनने झाली तरी गर्भाशयातील पायाळू स्थितीचा परिणाम पुसला जात नाही.

नवजात बाळाचा खुबा तपासण्याची खूण इटलीतील मारिनो ओर्तोलानी यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली. ते बालरोगतज्ज्ञ होते, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. बाळ शांत, पोट भरलेले, खोली उबदार, लंगोट पूर्ण काढलेला. गुडघे व खुबे काटकोनात दुमडून अंगठा मांडीच्या आत आणि मधले बोट बाहेरच्या हाडावर ठेवायचे. मांडी हलकेच बाहेर उघडत बोटाने पुढे उचलली की निखळलेला गोळा उखळीत परत जाताना 'खट्' असे बोटांना जाणवते. इंग्लंडमधील बार्लो यांनी १९६२ साली याची जोड-तपासणी सांगितली : मांडी किंचित आत घेऊन हलकेच मागे दाबल्यास सैल गोळा बाहेर सरकतो. दोन्ही खुबे वेगवेगळे तपासावेत आणि बळ मुळीच वापरू नये. नुसता बारीक 'टिक्' आवाज बहुधा निरुपद्रवी असतो.

बार्लो यांनी सॅलफर्डमध्ये पाहिलेल्या बाळांत साठांत एकाचा खुबा अस्थिर होता. त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात आणि ८८ टक्के दोन महिन्यांत उपचाराविना स्थिर झाले. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. पण उरलेले कोण, हे पुन्हा तपासल्यावाचून कळत नाही.

येथे एक अडचण आहे. दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आखडतात आणि ती 'खट्' नाहीशी होते. तेव्हा शोधायची खूण वेगळी : लंगोट बांधताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर उघडत नाही, गुडघे दुमडून पाय टेकवले तर एक गुडघा खाली दिसतो. मांडीवरच्या वळ्या कमी-जास्त असणे ही खूण एकटी फसवी आहे. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर तुलना करायला चांगली बाजूच उरत नाही. तेथे दोन्ही मांड्या कमी उघडतात एवढेच दिसते. मूल चालू लागल्यावर एका बाजूस झुकते किंवा बदकासारखे चालते. आणि तोवर दीड वर्ष गेलेले असते.

शंका असल्यास पहिल्या चार-सहा महिन्यांत सोनोग्राफी उपयोगी. ऑस्ट्रियाच्या ग्राफ यांनी १९८० साली ती पद्धत दिली. क्ष-किरण चित्र त्यानंतर उपयोगी पडते, कारण आधी मांडीच्या हाडाचे डोके कूर्चेचे असते व चित्रात उमटत नाही. बाळ पायाळू असेल किंवा घरात हा विकार असेल, तर तपासणी ठीक वाटली तरी सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करून घ्यावी.

उपचाराची शिडी वयाबरोबर चढत जाते. सहा महिन्यांच्या आत चेक शल्यतज्ज्ञ पावलिक यांच्या नावाचा पट्ट्यांचा साज बहुतेक बाळांना पुरतो. तो सुरुवातीस दिवसरात्र घालायचा असतो, आणि त्यात बाळ पाय दुमडून, बाहेर उघडून खेळत राहते. सहा ते अठरा महिन्यांत भूल देऊन खुबा बसवावा लागतो आणि छातीपासून पायापर्यंत प्लॅस्टर येते. त्यापुढे बहुधा शस्त्रक्रिया, हाड कापून दिशा बदलणे, पुन्हा प्लॅस्टर. काहीच केले नाही तर तरुणपणीच खुबा झिजतो. एक सावधगिरी : नवजात बाळ एक पाय हलवत नसेल, हात लावताच रडत असेल, ताप असेल किंवा दूध सोडले असेल, तर तो मुका सांधा नव्हे. खुब्यात पू झालेला असू शकतो, आणि ती त्याच दिवसाची घाई आहे.

दुपटे आणि कडेवर

बाळाला गुंडाळून ठेवण्याची आपली रीत मायेची आहे. परंतु "पाय वाकडे राहतील" म्हणून पाय ओढून, सरळ जोडून, दुपट्यात घट्ट बांधणे खुब्याला घातक आहे. त्या ओढीने सैल गोळा उखळीबाहेर ढकलला जातो. न्हाऊमाखू घातल्यावर बाळाला पाय धरून उलटे लोंबकळवण्याची रीतही सोडावी. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास नवजातांचे पाय सरळ बांधू नयेत, अशी मोहीम देशभर झाली. तेथे पूर्वी शंभरांत एकाहून अधिक बाळांत आढळणारा हा विकार हजारात दोनच्या आसपास आला. छातीवर गुंडाळा, हात गुंडाळा, पण कमरेखाली पाय दुमडायला व उघडायला मोकळे असू द्या. झोळी, पाळणा किंवा इथले घोडियुं यांचा दोष नाही. दोष पाय जखडण्याचा आहे. आणि आपल्या आजी-मावश्या बाळाला कडेवर घेतात, तेव्हा त्याच्या मांड्या कमरेभोवती फाकतात, गोळा उखळीत खोल बसतो. मान धरू लागलेल्या बाळाला कडेवर घेणे ही आपली उत्तम रीत आहे, ती जपावी.

एक नोंद

काही वर्षांपूर्वी लिंबायतकडची एक आई साडेतीन महिन्यांची मुलगी लसीसाठी घेऊन आली. पहिले बाळ, पायाळू, सिझेरियन. प्रसूती माहेरी, खानदेशात. थंडीचे दिवस, बाळ दुपट्यात गुंडाळलेले, बाहेर मोठी रांग. मी वजन केले, छाती ऐकली, लस दिली. दुपटे सोडले, लंगोट सोडला नाही. मुलगी दीड वर्षाची झाल्यावर तीच आई आली : "डॉक्टरसाहेब, ही एका अंगाला कलून चालते." डावा खुबा पूर्ण निखळलेला होता. अस्थिरोगतज्ज्ञांनी उत्तम शस्त्रक्रिया केली, मुलगी आज शाळेत जाते. पण त्यासाठी तिला तीन महिने प्लॅस्टरमध्ये राहावे लागले आणि तिच्या वडिलांचा यंत्रमागावरचा रोज बुडाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आईने विचारले, "पहिल्यांदा आणली होती तेव्हा कळलं असतं का?" मी "हो" म्हणालो. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर लंगोट सोडल्याशिवाय कोणत्याही बाळाला लस मिळत नाही.

या हकीगतीत माझी चूक आहे, तशी आपल्या समाजजीवनातील एक फटही आहे. सुरतेतील आपल्या कितीतरी मराठी लेकी बाळंतपणाला नंदुरबार, धुळे, जळगावकडे जातात आणि तीन-चार महिन्यांनी भुसावळच्या गाडीने बाळ घेऊन परततात. जन्माच्या वेळी पाहणारा डॉक्टर एका राज्यात, पुढचा दुसऱ्या राज्यात. 'खट्' जाणवण्याचे दिवस माहेरी निघून जातात आणि इथे आम्ही समजतो की तिथे पाहिलेच असेल. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत खुब्याचा हा विकार समाविष्ट आहे. म्हणजे व्यवस्थेने त्याला मान्यता दिली आहे; उरते ते हात लावून पाहणे.

म्हणून मंडळातील सर्व सदस्यांना, मग ते कोणत्याही शाखेचे असोत, माझी विनंती आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी 'पायाळू' हा शब्द आईच्या कागदावर ठळक लिहावा. जन्मतः बाळ पाहणाऱ्याने 'खुबे तपासले' अशी तारखेसह नोंद ममता कार्डावर किंवा माता-बाल संरक्षण कार्डावर करावी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीच्या प्रत्येक भेटीत खुबे पुन्हा पाहावेत; एक मिनिट लागते. ज्यांचा बालरोगाशी संबंध नाही अशा मित्रांनी शेजारी, नात्यात, बारशाला गेल्यावर आजीला एवढेच सांगावे : बाळाचे पाय बांधू नका, आणि लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का ते बघा.